नदीवरच्या पाळण्यात नलूताई

नलूताई ओक लिफ्टमध्ये शिरताना आधी आत कोण आहे ते बघायच्या आणि जो कुणी असेल त्याला सांगायच्या, "मला लिफ्टची भीती वाटते. मी तुमच्या जवळ उभी राहते." वेलिंग्टनमधल्या आमच्या ऑफिसात हे वाक्य त्या अर्थात इंग्रजीत म्हणायच्या, पण सूर असा की आज गुरुवार आहे एवढंच सांगताहेत. नवखा माणूस गडबडून जायचा. कुणी हसायचं, कुणी धीर द्यायला लागायचं. त्यांना धीर नको असायचा. मजला आला की "थँक यू" म्हणून त्या निघून जायच्या.

मी २०१२ साली पुण्याहून त्या ऑफिसात इंजिनियर म्हणून रुजू झालो तेव्हा त्या तिथे बऱ्याच वर्षांपासून ड्राफ्टिंग करत होत्या. नाशिकच्या. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने किरकोळ, केस मानेपर्यंत कापलेले, आणि उन्हाळा असो की हिवाळा, गळ्यात एक लोकरीचा मफलर. नवऱ्यापासून कधीच्याच वेगळ्या झालेल्या, मुलगा पर्थला. अप्पर हट या उपनगरात एकट्या राहायच्या. मीही तिथेच घर घेतलं होतं, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ आमची गाडी एक. पिटोनी स्टेशनपर्यंत रूळ समुद्राच्या अगदी काठाने जातात. बाकीचे लोक समुद्राच्या बाजूची खिडकी धरायचे, नलूताई डोंगराच्या बाजूची. "लाटा काचेवर येतात रे. मला तिकडे बघवत नाही," म्हणायच्या, आणि मग सबंध वाट मला विचारत राहायच्या, "आता कशी आहे? मोठी आहे?"

पहिल्या काही आठवड्यांत मला त्यांची गंमत वाटायची. मग थोडी लाज वाटायला लागली, की आपल्या गावाकडची बाई गोऱ्या लोकांत अशी घाबरत फिरते. एकदा मी तसं आडून सुचवलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "ताप आला की सांगतो ना आपण? मग घाबरलं की सांगायला काय होतं?"

ऑफिसात जिने, गॅलऱ्या आणि कठडे यांची ड्रॉइंग त्यांच्याकडे असायची. नियमाला लागतो त्याहून त्यांचा कठडा नेहमी जरा उंच निघायचा. आर्किटेक्ट यायचे, म्हणायचे, नलिनी, यानं व्ह्यू जातो. "मी साइटवर जाऊन उभी राहिले," त्या सांगायच्या. "व्ह्यू दिसला. मग मला चक्कर आली." कधी कठडा खाली यायचा, कधी तसाच राहायचा.

तेरा सालच्या हिवाळ्यात वेलिंग्टनला भूकंपाचे धक्के बसत होते. त्यातला एक दुपारी ऑफिसात असताना बसला. आम्ही सगळे टेबलांखाली शिरलो. माझ्या शेजारच्या टेबलाखाली नलूताई होत्या. सगळं ऑफिस चिडीचूप, फक्त छताचा करकर आवाज, आणि त्यात नलूताईंचं मराठी. "हलतंय. अजून हलतंय. मिलिंद, बोल माझ्याशी. टेबलाचा पाय सरकतोय. बोल काहीतरी." मी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक "हो, हो" एवढंच. पण बोलत होतो तेवढा वेळ मला श्वास घेता येत होता, हे नंतर लक्षात आलं. धक्का थांबल्यावर आमचा मॅनेजर, सहा फुटी रग्बी खेळणारा माणूस, मोठमोठ्यानं विनोद करत फिरायला लागला. नलूताई त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "यू वेअर फ्राइटन्ड?" तो म्हणाला, नो, नॉट रिअली. "आय वॉज. व्हेरी," त्या म्हणाल्या. तो खुर्ची ओढून बसला. म्हणाला, माझे गुडघे थांबत नाहीयेत. नलूताईंनी त्याला पाणी आणून दिलं.

अशी बाई डोंगरात तळं बघायला आमच्याबरोबर का आली, हे मला शैलेशनं तेव्हाच विचारलं होतं. शैलेश म्हणजे आमचा अप्पर हटचाच मित्र, आयटीतला, सह्याद्रीतले बहुतेक किल्ले पालथे घातलेला. साउथ आयलंडच्या पश्चिमेला एका दरीत डोंगरावर एक तळं आहे आणि तिथवर एका दिवसात जाऊन येता येतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. गंमत अशी, की वाटेतला अवघड भाग शेतकऱ्याच्या स्वतःच्या रोपवेनं पार करायचा होता. एक पाळणा नदीवरून, दुसरा डोंगर चढून. शैलेशनं नलूताईंना नुसतं विचारायचं म्हणून विचारलं आणि त्या हो म्हणाल्या.

"तुम्हाला भीती नाही वाटणार?" मी गाडीत विचारलं.

"वाटणारच की. पण घाबरते म्हणून जायचंच नाही असं ठरवलं असतं तर मी नाशकातून बाहेर नसते पडले."

पंधरा सालचा मार्च होता. आम्ही आदल्या दिवशी फेरीबोटीनं उतरलो, गावात मुक्काम केला आणि सकाळी दरीच्या टोकाला पोचलो. रस्ता नदीपाशी संपत होता. या काठाला लाकडी मनोरा, त्याला टांगलेली घंटा. पलीकडे तसाच दुसरा मनोरा, मागे पत्र्याचं घर आणि मेंढ्या. मधे जाड पोलादी तार, आणि तारेला लटकलेला लोखंडी पिंजरा, दोन माणसं दाटीवाटीनं बसतील एवढा. घंटा वाजवली की रॉस नावाचा तो शेतकरी त्याच्या बाजूचं हँडल फिरवून पिंजरा पाठवायचा आणि पुन्हा ओढून घ्यायचा. नदी कमी असली की तो ट्रॅक्टरनं ये-जा करायचा, एरवी बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध हा एवढाच.

नलूताईंनी पिंजऱ्यात बसल्यावर माझं मनगट धरलं आणि पलीकडे पोचेपर्यंत सोडलं नाही. खाली निळसर पांढरं पाणी दगडांवर आपटत होतं. "तार खाली वाकली," त्या म्हणाल्या. "आता आपण मध्यावर आहोत. आता वर चढतोय. मिलिंद, मला उलटी होईल असं वाटतंय. नाही होणार बहुतेक." पोचलो तेव्हा माझ्या मनगटावर त्यांच्या नखांच्या खुणा होत्या.

रॉस साठीचा, कमी बोलणारा माणूस. डोंगर चढणारा दुसरा पाळणा म्हणजे खरं तर तारेला टांगलेला लाकडी तराफा होता. वरच्या कुरणात मीठ, खांब, तारांची भेंडोळी न्यायला तो वापरायचा. खाली पेट्रोलचं इंजिन. तराफ्याच्या कडेच्या फळ्या गुडघ्याएवढ्या. नलूताई त्याच्याभोवती एक चक्कर मारून रॉसला म्हणाल्या, "याला कठडा नाही." शैलेश हसला. रॉस मात्र शेडमध्ये गेला, दोर घेऊन आला आणि चारी बाजूंनी छातीच्या उंचीवर बांधून दिला. "दिस ओके?" त्यानं विचारलं. नलूताईंनी दोर ओढून बघितला आणि आत बसल्या. निघताना रॉसनं आम्हाला वॉकीटॉकी दिला. वारा बदलला तर वाट न बघता खाली या, म्हणाला.

वरच्या कुरणातून तळं दोन तासांच्या चालीवर होतं. तळ्याचं वर्णन मी करत बसत नाही. काळं, शांत पाणी, तीन बाजूंना घसरणीचे दगड, वर कड्याला चिकटलेला बर्फ. शैलेश फोटो काढत होता, मी डबा उघडला होता. नलूताई मात्र पाण्याकडे पाठ करून आकाशाकडे बघत बसल्या होत्या. वायव्येकडून ढगांची एक सपाट कड पुढे सरकत होती.

"निघू या," त्या म्हणाल्या. "मला भीती वाटतेय."

"ताई, तुम्हाला नेहमीच वाटते," शैलेश म्हणाला. चिडून नाही, लाडानंच.

"हो, नेहमीच वाटते. आज जास्त वाटतेय."

शैलेशनं आणखी थोडे फोटो काढले. मीही डबा संपवला. आम्ही कुरणापर्यंत उतरलो तेव्हा वारा पाठीवर थापा मारावा तसा येत होता आणि पाऊस आडवा लागत होता. तराफा खाली येताना झोके घ्यायला लागला. तो बांधलेला दोर आम्ही तिघांनी दोन्ही हातांनी धरला होता. बोलत होत्या फक्त नलूताई. "झोका उजवीकडे. आता डावीकडे. खांब आला. खांब गेला."

नदी आता मातकट झाली होती आणि सकाळी दिसणारे दगड बुडाले होते. रॉस म्हणाला, थोडं थांबू, चहा घ्या. पण दुसऱ्या दिवशी पहाटेची फेरीबोट होती आणि गाडी पलीकडच्या काठाला. शैलेश म्हणाला, मी आधी जातो, बॅगा घेऊन. रॉसनं तारेकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं. "एक फेरी करतो. मग बघू," असं काहीसं पुटपुटला. नलूताई म्हणाल्या, "नको ना रे जाऊ." शैलेश तोवर आत बसला होता.

पिंजरा मध्याच्या जरा पलीकडे गेला असेल. दरीतून एक झोत आला आणि पिंजरा एका अंगाला इतका कलला की आतली एक बॅग बाहेर पडली. पाण्यात ती पडताना दिसली, मग दिसली नाही. त्याच वेळी आमच्या डोक्यावर मनोऱ्यात कडाका वाजला आणि रॉसच्या हातातलं हँडल जागच्या जागी थिजलं. पिंजरा ओढणारी दोरी चाकाच्या खाचेतून उडून चाक आणि लोखंडी पट्टी यांच्यामध्ये रुतली होती. पिंजरा ना पुढे जाईना ना मागे.

रॉसनं एक शिवी दिली आणि पहार आणायला शेडकडे पळाला. मी तिथेच उभा होतो. हे मी नंतर पुष्कळांना वेगळ्या शब्दांत सांगितलं आहे. गारा पडायला लागल्या होत्या. शैलेश काहीतरी ओरडत होता, पाण्याच्या आवाजात शब्द कळत नव्हते. मग तो पिंजऱ्यात उभा राहिला. दोन्ही हातांनी वरची तार पकडली आणि एक पाय पिंजऱ्याच्या कडेवर टाकला.

"तो हातांनी यायला बघतोय," नलूताई म्हणाल्या.

मी ओरडलो. त्याला ऐकू जाणं शक्य नव्हतं. नलूताई मला ढकलून पुढे गेल्या. नदीच्या बाजूला फळ्यांचा एक चौथरा होता, पिंजऱ्यात चढायला-उतरायला, त्याला पुढून कठडा असायचं कारणच नव्हतं. सकाळी त्या चौथऱ्यावर त्या दोन माणसांच्या आधारानं उतरल्या होत्या. आता त्या थेट टोकाला गेल्या, दोन्ही हात वर करून हलवले आणि शैलेशची नजर वळली असं दिसताच मटकन खाली बसल्या. ओल्या फळ्यांवर, मांडी घालून. डोकं खाली घातलं, हात डोक्यावर धरले. पुन्हा वर बघितलं, पुन्हा तेच. बस. असं बस. तिसऱ्यांदा त्यांनी तसं केलं तेव्हा शैलेशचा पाय आत गेला. मग तो हळूहळू खाली गेला आणि पिंजऱ्याच्या कडेवर त्याच्या जॅकेटची लाल टोपी तेवढी उरली.

नलूताई चौथऱ्यावरून रांगत मागे आल्या. उभं राहायला त्यांना जमत नव्हतं.

रॉस पहार घेऊन मनोऱ्यावर चढला. वरून त्यानं काय करायचं ते सांगितलं. हँडलची खीळ काढायची, म्हणजे दोरीचा सगळा ताण आमच्या हातांवर येणार. तो सांगेल तेव्हा हँडल वीतभर उलटं सोडायचं आणि घट्ट धरून ठेवायचं, तेवढ्यात तो दोरी उचलून खाचेत बसवणार. "इफ यू लेट गो, देअर गो माय फिंगर्स," तो म्हणाला. आणि पिंजरा सुटून कुठवर जाईल, ते त्यानं सांगितलं नाही.

आम्ही दोघांनी हँडल धरलं. मला वाटलं, आपल्याला हे जमणार नाही आणि या बाईला तर नाहीच.

"मी रडणार आहे," नलूताई म्हणाल्या. "तू माझ्याकडे लक्ष देऊ नकोस. हँडलकडे बघ."

आणि त्या रडायला लागल्या. हुंदके नाहीत, मुसमुसणं नाही, लहान मूल रडतं तसं मोठ्यानं, तोंड उघडं ठेवून. खीळ काढली तेव्हा हँडलनं आम्हाला दोघांना पुढे ओढलं. नलूताईंचे पाय चिखलात घसरले, त्यांनी गुडघा मनोऱ्याच्या खांबाला टेकवला आणि पकड सोडली नाही. रॉस वरून म्हणाला, नाऊ. आम्ही वीतभर सोडलं. होल्ड. आम्ही धरलं. त्यांचं रडणं चालूच होतं आणि रडता रडता त्या मला सांगत होत्या, "धरलंय. सुटत नाहीये. धरलंय." वर पहारीचा आवाज होत होता. एकदा नाही झालं. पुन्हा वीतभर. दुसऱ्यांदा दोरी खाचेत बसली तो टक्क आवाज मी अजून ओळखेन.

रॉस उतरला, आमच्या हातांतून हँडल घेतलं आणि पिंजरा आमच्याच बाजूला परत ओढायला लागला. तेव्हा कुठे नलूताईंनी गुडघा सोडवला. पँट फाटली होती, आत कातडंही. त्या अजून रडत होत्या. शैलेश बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ निळे होते आणि त्याला बोटं सरळ करता येत नव्हती.

त्या रात्री आम्ही रॉसच्या स्वयंपाकघरात स्टोव्हपाशी राहिलो. फेरीबोट चुकली. रॉसनं मटणाचं सूप दिलं, नलूताई शाकाहारी म्हणून त्यांना टोस्ट आणि बीन्स. शैलेश घोंगडं पांघरून बसला होता आणि मधूनमधून म्हणत होता, "तसं काही झालं नसतं म्हणा. तार मजबूत होती."

मी नलूताईंना विचारलं, तुम्ही लहानपणी कुठे पडला होतात का? काही झालं होतं का?

"सगळे हेच विचारतात," त्या म्हणाल्या. गुडघ्याला रॉसनं दिलेली पट्टी त्या नीट करत होत्या. "काही झालं नव्हतं रे. कुणी पडलं नाही, कुणी बुडलं नाही. मी अशीच आहे. माझी आई म्हणायची, हिला सावलीसुद्धा सोबतीला लागते." थोड्या वेळानं म्हणाल्या, "तो पाय बाहेर टाकत होता ना, ते मला कळत होतं. फार घाबरलं की काहीतरी करावंसं वाटतं. काहीही. नुसतं बसून राहणं फार अवघड."

सकाळी वारा पडला होता. रॉसनं रिकामा पिंजरा दोनदा पलीकडे नेऊन आणला, चाकाला ग्रीस लावलं. मग आमच्याकडे बघितलं. शैलेश चौथऱ्यावर आला आणि पिंजऱ्याच्या दाराशी थांबला. एक पाय उचलला, खाली ठेवला. बुटाची लेस बांधली. पुन्हा पाय उचलला. त्याची मान घामानं भिजली होती, त्या थंडीत.

"तुम्ही व्हा पुढे," तो मला म्हणाला. "मी मागून येतो."

नलूताई पुढे होऊन पिंजऱ्यात बसल्या. चेहरा पांढराफटक. त्यांनी शेजारची जागा हातानं झटकली. "ये. मीपण घाबरलेय. काल रात्रभर घाबरले होते. आपण डोळे मिटू नये, मिटले की जास्त वाटतं. तू मला पलीकडचं काय दिसतं ते सांगत राहा."

तो बसला. रॉस हँडल फिरवू लागला. मी काठावर उभा राहून बघत होतो. दोन डोकी एकमेकांना चिकटलेली, एक लाल टोपी, एक मफलर. पाण्याच्या आवाजातून शैलेशचा आवाज थोडा वेळ ऐकू येत होता. "गाडी दिसतेय. घंटा दिसतेय. घंटेची दोरी." पुढचं ऐकू आलं नाही. ते उतरल्यावर मी एकटा गेलो. त्या प्रवासाबद्दल न बोललेलं बरं.

पुढे दिवाळीच्या कार्यक्रमात शैलेशनं ही गोष्ट हॉलभर लोकांना रंगवून सांगितली. त्याला सांगता येतं छान. "आणि इकडे नलूताई, भोकाड पसरून," तो म्हणाला, आणि सगळे हसले. मागच्या रांगेतून नलूताई म्हणाल्या, "हो. खूप रडले." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. शैलेश हसत होता, तो थांबला. हातातला माइक त्यानं खाली घेतला, पुन्हा वर केला आणि म्हणाला, "माझा पाय बाहेर होता. यांनी आत घ्यायला लावला." एवढंच बोलून तो खाली उतरला. त्यानंतर दर रविवारी तो त्यांचं गवत कापायला जायचा. त्या त्याला अंगणात येऊन सांगायच्या, मशीनच्या पात्यापासून पाय लांब ठेव.

२०१८ मध्ये त्या मुलाकडे पर्थला गेल्या. तिथल्या सापांविषयी, उन्हाविषयी, फ्रीवेविषयी त्यांचे व्हॉइस मेसेज यायचे, सगळे "मला भीती वाटते" नं सुरू होणारे. पुढच्या वर्षी मुलाचा फोन आला. झोपेतच गेल्या, म्हणाला.

त्या पर्थला निघाल्या तेव्हा विमानतळावर आम्ही सगळे होतोच, पण तिथे गर्दी, बॅगा, पेढे, फोटो. माझ्या डोळ्यांसमोर त्याच्या थोडं आधीचं एक दृश्य राहिलंय. हिवाळ्यातली शनिवारची सकाळ, अप्पर हटचा स्विमिंग पूल. माझ्या मुलीचा क्लास संपायची वाट बघत मी काचेबाहेर बसलो होतो. उथळ टोकाला मोठ्या माणसांचा एक छोटा वर्ग चालला होता आणि त्यात नलूताई होत्या. काळ्या टॉग्जमध्ये, म्हणजे पोहायच्या पोशाखात, डोक्याला रबराची टोपी, दोन्ही हातांनी कडेचा बार धरलेल्या. पाणी त्यांच्या कमरेपर्यंतसुद्धा नव्हतं. शिकवणारी पोरगी काहीतरी सांगत होती. त्यांनी मान हलवली, तिला काहीतरी सांगितलं. काय सांगितलं असेल ते मला काचेपलीकडूनही कळलं. पोरगी एक पाऊल जवळ सरकली.

मी हात करणार होतो, पण केला नाही. त्यांनी बार सोडला. तोंड पाण्यात घातलं, पाय मागे गेले, हात पुढे आले, आणि बहुधा दोन माणसं झोपतील एवढं अंतर त्या तरंगल्या. मग धडपडून उभ्या राहिल्या, ठसका लागला, नाकातून पाणी आलं. चेहरा भीतीनं वेडावाकडा झाला होता. त्यांनी बार पकडला, डोळे पुसले, दम खाल्ला. मग पुन्हा बार सोडला.